स्पॅनिश क्रियापदीय वाक्प्रचारांचे इंग्रजी भाषांतर

क्रियापदाला नाम किंवा शब्दयोगी शब्द जोडला जाऊन ज्या शब्दसमूहाला वेगळाच अर्थ येतो, तो क्रियापदीय वाक्प्रचार. स्पॅनिशमध्ये तेनेर (जवळ असणे), दार (देणे), एचार (टाकणे) अशी साधीच क्रियापदे यात राबतात. भूक, तहान, भीती, एवढेच काय वयसुद्धा, स्पॅनिश माणसाच्या जवळ 'असते'. 'तेंगो आम्ब्रे' म्हणजे शब्दशः 'माझ्याकडे भूक आहे'. इंग्रजीत त्याचे 'आय ॲम हंग्री' होते.

काही ठिकाणी प्रतिमाच बदलावी लागते. 'तोमार एल पेलो' म्हणजे केस घेणे. इंग्रजी माणूस त्यासाठी पाय ओढतो, आपण फिरकी घेतो. 'एचार दे मेनोस' (एखाद्याची उणीव भासणे) यात 'टाकणे' कुठून आले, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. 'कमी आढळणे' अशा अर्थाच्या पोर्तुगीज 'आशार मेनुस'चे हे बिघडलेले रूप मानतात.

खरी कसोटी काळाची. 'आकाबो दे कोमेर' म्हणजे 'मी आत्ताच जेवलो'. 'आकाबार'चा अर्थ 'संपवणे' असला, तरी इथे इंग्रजीत 'आय हॅव जस्ट ईटन' हवे. तेच 'आकाबे दे कोमेर' असे भूतकाळात घातले, की सहसा 'जेवण उरकले' एवढाच अर्थ उरतो. 'येवो त्रेस आन्योस आकी' मध्ये क्रियापद वर्तमानकाळी, अगदी आपल्या 'मी तीन वर्षं इथे आहे'सारखे. इंग्रजीला मात्र 'हॅव बीन' लागतेच.

मराठी वाचकाला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. 'मे गुस्ता एल काफे' आणि 'मला कॉफी आवडते' यांची घडण एकच: आवडणारी वस्तू कर्ता, माणूस 'मला'मध्ये. इंग्रजी तो क्रम उलटवते. 'से मे कायो एल बासो' याला तर 'माझ्या हातून पेला पडला' हे मराठी जवळजवळ तंतोतंत बसते. इंग्रजीत सवयीने 'आय ड्रॉप्ड द ग्लास' लिहिले जाते. 'ड्रॉप्ड' चुकूनही असू शकते आणि मुद्दामही. मूळ वाक्यात मुद्दामपणाला जागाच नाही. पेल्याच्या बाबतीत हे चालून जाते. पोलिसांपुढच्या जबानीत पेल्याऐवजी माणूस पडलेला असेल, तर दुभाष्याने 'इट वॉज ॲन ॲक्सिडेंट' एवढे तरी सुचवणारी रचना शोधायला हवी.