घरातील वायफायची सुरक्षितता : सोयीसाठी ठेवलेल्या फटींचा इतिहास

सांगली, मिरज आणि सातारा या शहरांपुरती मर्यादित असलेली फायबरची जोडणी आता विटा, तासगाव, कराड, वाई, कोरेगाव अशा गावांतील घरांतही पोचली आहे. बहुतेक ठिकाणी ती स्थानिक केबलचालकाकडून मिळते. जोडणी करायला आलेला मुलगा भिंतीवर राउटर बसवतो, ग्राहकाचा मोबाइल क्रमांक हाच वायफायचा पासवर्ड म्हणून टाकून देतो आणि पुढच्या घरी निघून जातो. घरच्यांनाही ते बरे वाटते, कारण क्रमांक सगळ्यांना पाठ असतो आणि आल्यागेल्या पाहुण्याला सांगताना अडखळावे लागत नाही. दोन मिनिटांच्या या व्यवहारामागे जवळपास तीन दशकांचा इतिहास आहे. तो पाहताना एक गोष्ट वारंवार समोर येते : बिनतारी नेटवर्कचे गणित प्रत्येक पिढीत मजबूत होत गेले, परंतु प्रत्येक टप्प्यावर कोणाच्या ना कोणाच्या सोयीसाठी एखादी फट शिल्लक ठेवली गेली आणि मोठे नुकसान बहुतेक वेळा त्याच फटीतून झाले.

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने १९८५ मध्ये काही रेडिओ लहरींचे पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले आणि वायफायचा पाया तिथे घातला गेला. ८०२.११ या क्रमांकाने ओळखले जाणारे पहिले मानक १९९७ मध्ये आले. त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. दोनच वर्षांत तो ११ मेगाबिटपर्यंत गेला आणि १९९९ मध्येच या तंत्राला वायफाय हे नाव मिळाले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. तारेच्या जोडणीत चोरून ऐकणाऱ्याला तारेपर्यंत पोचावे लागत असे. रेडिओ लहरींच्या बाबतीत घराची भिंत ही सीमा उरत नाही. साताऱ्यातील जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती लहरींना बऱ्यापैकी अडवतात, पण आजच्या अपार्टमेंटमधील विटांच्या भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झची लहर सहज शेजारी आणि खाली रस्त्यावर पोचते.

मानक तयार करणाऱ्यांना याची पूर्ण जाणीव होती. म्हणूनच १९९७ च्या मानकातच ‘वायर्ड इक्विव्हॅलंट प्रायव्हसी’, म्हणजे तारेइतकीच गोपनीयता, असे नाव असलेली संरक्षणपद्धती समाविष्ट करण्यात आली. वेप या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिची किल्ली मात्र अवघी ४० बिटांची होती, कारण त्याहून मजबूत सांकेतिकीकरण (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असे संदेशाचे रूपांतर) असलेली उपकरणे परदेशी विकण्यावर त्या काळी अमेरिकी सरकारची बंधने होती आणि उत्पादकांना जगभर माल विकायचा होता. पुढे १०४ बिटांची किल्ली आली, तरी खरा दोष दुसरीकडेच होता. प्रत्येक संदेशाबरोबर बदलणारा जो आकडा किल्लीला जोडला जाई, तो फक्त २४ बिटांचा होता. म्हणजे जेमतेम १ कोटी ६८ लाख वेगवेगळे आकडे. गजबजलेल्या नेटवर्कवर ते काही तासांत संपून पुन्हा वापरात येत. अमेरिकेतील बर्कली येथील बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी २००१ मध्ये या उणिवा दाखवून दिल्या. त्याच वर्षी फ्लूरर, मांटिन आणि शमीर यांनी आरसी४ हे सांकेतिकीकरण वेपमध्ये ज्या रीतीने वापरले होते, त्या रीतीतूनच किल्ली बाहेर काढता येते हे सिद्ध केले. मोफत मिळणारी साधने काही महिन्यांत आली. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्यांनी २००५ मध्ये जाहीर प्रात्यक्षिकात सुमारे तीन मिनिटांत वेपची किल्ली काढून दाखवली आणि २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील संशोधकांनी ती वेळ एका मिनिटाच्या आत आणली.

तरीही वेप वर्षानुवर्षे वापरात राहिली, कारण ती बदलायची म्हणजे दुकानातील जुनी यंत्रे बदलावी लागत. अमेरिकेतील टीजेएक्स या किरकोळ विक्रीच्या कंपनीला ही दिरंगाई फार महागात पडली. तिच्या एका दुकानातील वेपवर चालणाऱ्या नेटवर्कमधून चोर आत शिरले आणि जानेवारी २००७ मध्ये घटना उघड झाल्यानंतर ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती चोरीला गेल्याचे कंपनीने मान्य केले.

वेपची जागा घेण्यासाठी २००३ मध्ये डब्ल्यूपीए ही पद्धती आली. तीही तडजोडच होती : जुन्याच उपकरणांवर फक्त सॉफ्टवेअर बदलून चालावी म्हणून तिच्यात तेच जुने आरसी४ अधिक सावध रीतीने वापरले होते. खरी सुधारणा २००४ च्या डब्ल्यूपीए२ मध्ये झाली. एईएस हे आजही अभेद्य मानले जाणारे सांकेतिकीकरण तिच्यात आले आणि मार्च २००६ पासून वायफायचे प्रमाणपत्र हवे असणाऱ्या नव्या उपकरणांना ती सक्तीची झाली. आज आपल्या घरांत भिंतीवर लुकलुकणारे बहुतेक राउटर याच पद्धतीवर चालतात.

आपल्याकडे घरोघरी ब्रॉडबँड येऊ लागले तेही याच सुमारास. केंद्र सरकारचे ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झाले. सेकंदाला २५६ किलोबिट ही त्यातील ब्रॉडबँडची किमान मर्यादा होती. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली आणि टेलिफोनच्या तारेवर चालणारा मोडेम जिल्ह्यांच्या गावी पोचला. वायफाय असलेले मोडेम आले तेव्हा अनेकांत वायफाय सुरू आणि संरक्षण बंद अशीच मूळ रचना असे. ग्राहकाचे नेट लगेच चालावे, तक्रार येऊ नये, एवढाच त्यामागे विचार होता.

तो विचार किती धोक्याचा आहे हे महाराष्ट्राला २००८ मध्ये कळले. २६ जुलैच्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेतील वायफायपर्यंत गेला. १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधील जोडणीवरून गेल्याचे दिसले. दोन्ही ठिकाणी जोडणी एकाची आणि वापर करणारा भलताच. बाहेरच्या जगाला संपूर्ण घराचा मिळून एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील ओळखक्रमांक, दिसतो. त्यामुळे कंपनीच्या नोंदीत नाव सापडते ते जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचे, रस्त्यावर गाडीत बसून तिचा वापर करणाऱ्याचे नव्हे. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय नेटवर्क शोधण्याची मोहीम घेतली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफायच्या वापरकर्त्यांची ओळख पटवून नोंद ठेवण्याच्या सूचना दिल्या. वायफायला पासवर्ड हवाच, ही समजूत आपल्या भागात रुजली ती या काळातील बातम्यांमुळे. पासवर्ड कसा असावा, याची चर्चा मात्र त्या वेळी मागे पडली आणि ती पुढेही फारशी झाली नाही, असे माझे मत आहे.

लांब पासवर्ड टाकण्याचा लोकांना कंटाळा येतो, यावर उद्योगाने शोधलेला उपाय म्हणजे डब्ल्यूपीएस. राउटरचे एक बटण दाबावे, किंवा त्याच्या मागे छापलेला आठ अंकी क्रमांक टाकावा, की फोन जोडला जाई. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता, असे वाटते. डिसेंबर २०११ मध्ये श्टेफान फीबॉक या संशोधकाने दाखवले की राउटर हा क्रमांक दोन तुकड्यांत तपासतो आणि पहिले चार अंक बरोबर आहेत की नाहीत हे आधीच सांगून टाकतो. शेवटचा अंक बाकीच्या सातांवरून ठरत असल्याने दुसऱ्या तुकड्यात तीनच अंक शोधायचे उरतात. आठ चक्रांच्या कुलपाने चार चक्रे जुळताच खटका वाजवून कळवावे, तसेच हे झाले. दहा कोटींच्या जागी फक्त ११,००० प्रयत्न पुरेसे ठरले. पासवर्ड कितीही अवघड असो, डब्ल्यूपीएसचा क्रमांक सुरू असेल तर तो त्या वाटेने बाहेर येत असे. नंतरच्या राउटरांत चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा आली, तरी ही सोय बंद ठेवणेच शहाणपणाचे आहे. नेटवर्कचे नाव लपवणे किंवा ठरावीक फोनांनाच प्रवेश देणे या उपायांनी मात्र जाणकार माणूस अडत नाही, कारण नाव आणि फोनचा पत्ता दोन्ही हवेतून उघडेच जात असतात.

वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने नेटवर्कमध्ये प्रवेश मिळतो आणि दुसऱ्याने राउटरच ताब्यात येतो. हा दुसरा पासवर्ड कारखान्यातून ‘ॲडमिन’ असाच येई आणि कंपनीच्या माणसाला दुरुस्तीला सोपे जावे म्हणून तसाच राही. ब्राझीलमध्ये २०११ पासून सुमारे ४५ लाख डीएसएल (टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या) मोडेमांची अंतर्गत रचना चोरांनी बदलली आणि बँकेचे संकेतस्थळ उघडू पाहणाऱ्या ग्राहकांना खोट्या संकेतस्थळांवर नेले. २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने साठेक नेहमीच्या नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी यंत्रे) आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्या एकत्रित माऱ्याने ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. जुलै २०१७ मध्ये ही लाट आपल्याकडे आली. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम अशाच एका सॉफ्टवेअरने निकामी केले. मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम त्याला बळी पडले होते आणि तो बदलून घेण्याचे आवाहन कंपनीला करावे लागले. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचा किंवा बेदाण्याचा व्यापारी आज घरच्या फोनवर दुकानातील कॅमेरे पाहतो, तेव्हा त्या डीव्हीआरचा पासवर्ड कोणी आणि कधी बदलला, हा प्रश्न २०१७ इतकाच आजही लागू आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील संशोधक मॅथी फानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ मध्येच एक दोष जाहीर केला. क्रॅक या नावाने तो गाजला. फोन आणि राउटर यांच्यातील पहिल्या देवाणघेवाणीचा एक टप्पा पुन्हा घडवून आणून वापरलेली किल्ली पुन्हा वापरायला लावणे, हे त्याचे स्वरूप होते. मुख्य दुरुस्ती फोन आणि लॅपटॉपमध्ये हवी होती. ज्यांच्या फोनला कंपनीकडून सुधारणा मिळाल्या ते वाचले; जुने फोन वापरणाऱ्यांना त्या कधीच मिळाल्या नाहीत.

असे असले तरी, आपल्या घरांच्या दृष्टीने क्रॅकपेक्षा अधिक महत्त्वाची बाब मोबाइल क्रमांकाच्या पासवर्डची आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन जोडला जाताना जे चार संदेश जातात, ते बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही टिपता येतात. त्यांतून पासवर्ड थेट दिसत नाही. पण टिपणारा माणूस घरी जाऊन, राउटरशी पुन्हा संपर्क न करता, आपल्या संगणकावर एकेक पासवर्ड ताडून पाहू शकतो. ऑगस्ट २०१८ मध्ये येन्स श्टोयबे या संशोधकाने तर अनेक राउटरांच्या बाबतीत कोणी जोडले जाण्याची वाट पाहण्याचीही गरज नसल्याचे दाखवले. प्रत्येक अंदाजासाठी ४,०९६ फेऱ्यांचे गणित करावे लागेल अशी रचना मुद्दाम केलेली आहे, तरी आजचे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात अंदाज तपासते. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. देशातील कोणताही मोबाइल क्रमांक पासवर्ड असला, तरी तो सव्वा तासाच्या आत सापडतो. आपल्या भागात वाटल्या गेलेल्या क्रमांकांच्या सुरुवातीच्या अंकांचा विचार केला, तर त्याहून पुष्कळ कमी वेळ लागेल. याउलट परस्परांशी संबंध नसलेले, मनाला येतील तसे न निवडता चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे निवडलेले पाच-सहा शब्द ओळीने लिहिले, तर त्याच यंत्राला ते शोधणे आवाक्याबाहेरचे होते आणि घरच्यांना ते लक्षातही राहतात. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड ६३ अक्षरांपर्यंत लांब ठेवता येतो, ही गोष्ट जोडणी करून देणारे सहसा सांगत नाहीत.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत या सगळ्याचे वजन वाढले. पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारी असंख्य मुले-मुली कंपनीचे लॅपटॉप घेऊन सातारा-सांगलीला आपल्या घरी परतली, शाळा मोबाइलवर भरल्या, आणि तोवर करमणुकीपुरते असलेले घरचे नेटवर्क एकाएकी कार्यालयाचा भाग झाले. बँकेचे व्यवहार आणि बहुतेक संकेतस्थळे स्वतंत्र सांकेतिकीकरणाने सुरक्षित असतात, हे खरे आहे. परंतु एकदा घरच्या नेटवर्कमध्ये शिरलेल्या माणसाला लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे आणि राउटरचे व्यवस्थापनाचे पान ही सगळी उपकरणे आतल्या बाजूने गाठता येतात.

या त्रुटींचा विचार करून २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आली आणि जुलै २०२० पासून नव्या प्रमाणित उपकरणांना ती सक्तीची झाली. टिपलेले संदेश घरी नेऊन पासवर्ड ताडण्याची वाट तिच्यात बंद केली आहे. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागते, त्यामुळे सेकंदाला लाखो अंदाज अशक्य होतात. शिवाय पासवर्ड नंतर फुटला तरी आधी टिपून ठेवलेली देवाणघेवाण त्याने उलगडत नाही. एप्रिल २०१९ मध्ये फानहूफ आणि एयाल रोनेन यांनी तिच्यातही दोष काढले, पण त्यांतील बहुतेक दुरुस्त करता येण्याजोगे होते. अडचण वेगळीच आहे. जुने फोन आणि टीव्ही डब्ल्यूपीए३ ओळखत नाहीत, म्हणून नवे राउटर सहसा दोन्ही पद्धती एकाच पासवर्डवर चालवणाऱ्या मिश्र अवस्थेत लावले जातात. त्या अवस्थेत डब्ल्यूपीए२ ची वाट उघडी राहते आणि तिथून पासवर्ड पूर्वीसारखाच ताडता येतो. अलीकडच्या बऱ्याच राउटरांत दुसऱ्या नावाचे पाहुण्यांचे नेटवर्क काढण्याची सोय असते. जुना टीव्ही, कॅमेरे आणि पाहुण्यांचे फोन वेगळ्या पासवर्डने त्यावर ठेवले, तर लॅपटॉप आणि घरच्यांचे नवे फोन असलेले मुख्य नेटवर्क फक्त डब्ल्यूपीए३ वर चालवता येते. आणि हा बदल करण्यासाठी लागणारा व्यवस्थापनाचा पासवर्ड बहुतेक घरांत अजून केबलचालकाकडेच असतो, तो त्याच्याकडून मागून घ्यावा लागतो.