पार्श्वभूमी : 'कामगंध' हा शब्द आणि त्याने झाकलेला इतिहास

पावसाळा सरता सरता येऊरच्या पायवाटांवर किंवा ओवळ्याच्या फुलपाखरू उद्यानात खुळखुळ्याच्या सुकत चाललेल्या फांद्यांना आणि भुरुंडीला 'टायगर' गटातील फुलपाखरे घट्ट बिलगलेली दिसतात. त्यांत बहुसंख्य नर असतात आणि ती मधासाठी आलेली नसतात. झाडातील अल्कलॉइड नावाची कडू रसायने शोषून घेऊन त्यांपासून हे नर मादीपुढे पसरण्याचा गंध तयार करतात. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो रासायनिक संकेत सोडते त्याला मराठीत 'कामगंध' म्हणतात; नराच्या या गंधालाही सरसकट तेच नाव दिले जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात दोन प्रकारची निरीक्षणे नोंदवली गेली होती. घरात ठेवलेल्या एकाच मादी पतंगाकडे एका रात्रीत चाळीसेक नर आल्याची एक नोंद आहे. नर फुलपाखरांच्या पंखांना माणसालाही जाणवणारा वास असतो, अशाही नोंदी आहेत. मादीच्या संकेताचे रसायन मात्र हाती लागले ते १९५९ मध्ये. त्यासाठी रेशीम पतंगाच्या सुमारे ५ लाख माद्या आणि जवळजवळ दोन दशके खर्ची पडली. त्याच वर्षी 'फेरोमोन' ही संज्ञा रूढ करण्यात आली. आधीचा 'एक्टोहॉर्मोन' हा शब्द गैरसोयीचा होता, कारण हॉर्मोन शरीराच्या आत काम करते, तर हा पदार्थ बाहेर पडून दुसऱ्या जिवावर परिणाम घडवतो.

फेरोमोनमध्ये मुंग्यांनी आखलेली वाट आणि मधमाश्यांचा धोक्याचा इशाराही मोडतो. मराठीतील शेतीविषयक लेखनाला मात्र बोंडअळीच्या सापळ्यापुरता शब्द हवा होता, म्हणून 'कामगंध सापळा' आला. त्या कामासाठी तो चपखल आहे, कारण ल्यूरमध्ये, म्हणजे सापळ्यातील आमिषात, मादीच्या संकेताची नक्कल असते आणि सापळ्यात नर अडकतात. गुलाबी बोंडअळीचा हा संकेत १९७३ मध्ये उलगडला. त्यात एकाच संयुगाची दोन रूपे जवळजवळ निम्मी-निम्मी असतात. पुढे हाच शब्द शेतातून निसर्गलेखनात आला आणि येताना 'मादीने नराला बोलावणे' हा अर्थ सोबत घेऊन आला. फुलपाखरांत बहुतांशी याच्या उलट घडते : नर मादीला डोळ्यांनी शोधतो आणि जवळ गेल्यावर गंध पसरतो. शिवाय पतंगाच्या मादीचा संकेत माणसाच्या नाकाला सहसा कळतही नाही, तर युरोपातील एका पांढऱ्या फुलपाखराच्या नराला लिंबासारखा वास येतो. म्हणजे 'गंध' हा शब्द जिथे खरोखर शोभतो, तिथे 'काम'चा रूढ अर्थ जुळत नाही. 'मादीची साद' आणि 'नराचा गंध' असा भेद मराठीत आधीच व्हायला हवा होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उत्क्रांतीचा दूरचा भाग थोडक्यात सांगता येतो. काही प्राचीन पतंगकुळांचे संकेत आखूड साखळीच्या रेणूंचे आहेत. नंतरच्या बहुसंख्य कुळांत मेदाम्लांपासून बनणारे लांब साखळीचे रेणू आले. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी पतंगांच्याच एका शाखेतून फुलपाखरे निर्माण झाली. दिवसा उडणाऱ्या या जिवांत रंगांना महत्त्व आले आणि मादीची दूरवरची साद मागे पडली. जुनी रासायनिक यंत्रणा मात्र पुरती मोडीत निघाली नाही. आफ्रिकेतील एका तपकिरी फुलपाखराचा नर आपला गंध बनवण्यासाठी मादी पतंग वापरते त्याच कुळातील विकरे (एन्झाइम) वापरतो, हे २०१४ मध्ये दाखवले गेले.

अलीकडचे संशोधन संकेत देणारा आणि घेणारा एकत्र कसे बदलतात, या प्रश्नावर केंद्रित झाले आहे. युरोपातील मक्याच्या खोडकिड्यात दोन वाण आहेत : एकात मादीच्या संकेतातील दोन घटकांचे प्रमाण सुमारे ९७:३, तर दुसऱ्यात जवळजवळ नेमके उलटे. मादीतील या फरकामागचे जनुक २०१० मध्ये सापडले आणि नराच्या पसंतीमागचे २०२१ मध्ये. ही दोन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत.