त्रिशंकू मुंबईच्या आकाशातून खाली खाली चाललाय
मे महिन्यात रात्री साडेनऊच्या आसपास मुंबईबाहेर वांगणीकडे कुठेतरी दक्षिणेचं क्षितिज मोकळं मिळालं तर एकदम खाली चार ताऱ्यांचा छोटा क्रॉस दिसतो, तोच त्रिशंकू. मुंबई १९ अंश अक्षांशावर, त्यामुळे त्याचा सगळ्यात खालचा तारा इथून जेमतेम ८ अंश वर येतो, त्यात आपली धूळ आणि दिवे, म्हणजे शहरातून दिसला तर नशीबच. बरं, उद्या सगळे दिवे बंद केले तरी तो सरकायचा थांबणार नाही. आणखी १००० वर्षांनी तो तारा इथून अडीच अंशाच्याही वर येणार नाही, आणि दोनेक हजार वर्षांनी तर उगवणारच नाही.

याला कारण परांचन. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर तिचा व्यास ध्रुवांच्या मानाने सुमारे ४३ किमी जास्त भरतो. या फुगवट्याला चंद्र आणि सूर्य ओढत राहतात पण पृथ्वी स्वतःभोवती फिरतेय ना, म्हणून तिचा आस सरळ व्हायच्या ऐवजी भोवऱ्यासारखा डुलतो (हेच परांचन), त्याबरोबर आकाशातल्या ताऱ्यांच्या जागाही सरकतात, आणि एक फेरी पूर्ण व्हायला जवळपास २६,००० वर्षं लागतात! म्हणजे ७२ वर्षांत १ अंश. इतकी हळू गोष्ट नुसत्या डोळ्यांनी पकडणाऱ्या हिपार्कस या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाला मानलं पाहिजे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याने चित्रा ताऱ्याची जागा जुन्या नोंदींशी ताडून पाहिली आणि ती सरकलेली निघाली.

आपला अढळ ध्रुवसुद्धा यातून सुटत नाही. इसवी सनापूर्वी २८०० च्या सुमारास ध्रुवताऱ्याचा मान थुबान नावाच्या ताऱ्याकडे होता, आणि साधारण १२,००० वर्षांनी अभिजित ध्रुवाच्या आसपास असेल (आसपासच, आजच्या ध्रुवताऱ्याइतका जवळ नाही). संक्रांतीचंही तेच, उत्तरायण खरं तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं, आपण ताऱ्यांवरून मकर रास धरतो म्हणून तिळगूळ जानेवारीत.

टेलिस्कोपवाल्यांना मात्र हजारो वर्षं थांबावं लागत नाही. बऱ्याच नकाशांमधल्या ताऱ्यांच्या जागा २००० सालच्या असतात, आणि २५ वर्षांत हा फरक २१ कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जातो, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या दोन तृतीयांश. जास्त मॅग्निफिकेशन लावून नकाशातले तेच आकडे टेलिस्कोपमध्ये जसेच्या तसे टाकले की आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) तारा गायब, आणि आपण उगाच माउंटला, म्हणजे टेलिस्कोप वळवणाऱ्या स्टँडला, शिव्या घालत बसतो. सेटिंगमध्ये ताऱ्याच्या जागेचे आजच्या तारखेचे आकडे (कोऑर्डिनेट) घ्यायचे, बास.