स्पायडरलँड

स्पायडरलँड : स्लिंट या अमेरिकी रॉक बँडचा दुसरा आणि अखेरचा अल्बम. शिकागोच्या ‘टच अँड गो’ या स्वतंत्र कंपनीने तो मार्च १९९१ मध्ये काढला. गाणी सहाच, सगळी मिळून जेमतेम चाळीस मिनिटांची. अल्बम दुकानांत पोहोचला तेव्हा बँड मोडलेला होता, त्यामुळे तो वाजवत गावोगाव फिरायला कोणी उरलेच नव्हते. तरीही पुढे पोस्ट-रॉक (गाण्यापेक्षा वाद्यांच्या नादावर भर देणारा रॉक) आणि मॅथ-रॉक (विषम मात्रांच्या, गुंतागुंतीच्या लयींचा रॉक) म्हणून ओळखल्या गेलेल्या संगीताचा माग काढत मागे गेले, की बहुतेकांची वाट याच अल्बमपाशी येते.

स्लिंट हा केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा बँड. ब्रायन मॅकमॅहन (गिटार व आवाज), डेव्हिड पाजो (गिटार), ब्रिट वॉलफर्ड (ड्रम) आणि टॉड ब्रॅशियर (बेस) ही पोरे त्या शहरातल्या पंक वर्तुळात वाढलेली. ‘ट्वीझ’ हा त्यांचा पहिला अल्बम शिकागोचे संगीतकार व ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केला आणि तो १९८९ मध्ये आला. त्यात बेसवर ब्रॅशियरच्या जागी ईथन बकलर होता. त्यातल्या गाण्यांना बँडमधल्या पोरांनी आपल्या आईवडिलांची नावे दिली होती, एकाला तर घरच्या कुत्रीचे. तो अल्बम गमत्या, खडबडीत आणि थोडा वात्रट आहे. तो ऐकून लगेच ‘स्पायडरलँड’ लावला, तर जवळपास हीच माणसे दोन-तीन वर्षांत इतकी गंभीर कशी झाली, असा प्रश्न पडतो.

निम्मे उत्तर तालमीत आहे. वॉलफर्डच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात एकेक तुकडा तासन्‌तास घोटला जाई. तालमीत गायन मात्र जवळपास नसेच. बरेचसे शब्द शेवटच्या घटकेला उतरले. ऑगस्ट १९९० मध्ये शिकागोच्या रिव्हर नॉर्थ रेकॉर्डर्स या स्टुडिओत ध्वनिमुद्रक ब्रायन पॉल्सन यांनी चार दिवसांत सगळे काम उरकले. आवाजाला फारसा साजशृंगार नाही. चौघे एका खोलीत वाजवत आहेत आणि आपण दाराशी उभे आहोत, असे ऐकताना वाटते.

ऐकणाऱ्याला आधी जाणवते ती मोकळी जागा. दोन गिटारी एकमेकींवर न चढता आळीपाळीने बोलतात, मध्ये रिकामे राहू देतात, आणि मग कसलीही सूचना न देता आवाजाची भिंत कोसळते. चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर रॉक वाढला. इथे पाच-सात मात्रांची आवर्तनेही भेटतात. झपताल-रूपक कानांवर पडलेल्या मराठी श्रोत्याला त्यात अडखळायला होऊ नये. उलट मोजायला बसले नाही तर सम कुठे येते ते आपोआप कळते. मॅथ-रॉक या नावाने गणिताची भीती घातली आहे, ती इथे तरी अनाठायी.

मॅकमॅहन फारसा गात नाही, तो सांगतो. ‘ब्रेडक्रंब ट्रेल’मध्ये जत्रेत गेलेला एक जण ज्योतिषीण बाईच्या तंबूत शिरतो आणि भविष्य ऐकायचे सोडून तिलाच रोलर कोस्टरवर घेऊन जातो. ‘नॉस्फेराटू मॅन’चे मूळ १९२२ च्या जर्मन मूकपटात आहे. ‘डॉन, अमान’मध्ये ड्रम नाहीत, स्वतः ड्रमवादक वॉलफर्ड गिटार हाती घेऊन, पार्टीतून बाहेर येऊन एकटा उभा राहिलेल्या माणसाची गोष्ट कुजबुजतो. ‘वॉशर’ सर्वांत लांब आणि सर्वांत हळवे, त्यात मॅकमॅहन खरोखर गातो. ‘फॉर डिनर…’ नुसते वाद्यांचे. ते स्वतंत्रपणे कोणी लावत नसावे, पण पुढच्या गाण्याआधी तेवढी शांतता लागतेच.

ते पुढचे गाणे म्हणजे ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’. जहाज फुटले आहे, एकटा वाचलेला कप्तान किनाऱ्यावरच्या घराचे दार ठोठावतो आहे, पलीकडे एक मूल आहे. बेसचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो, त्यावर मॅकमॅहन बातमी वाचावी तसे बोलतो. सहा-साडेसहा मिनिटे हा आवाज चढत नाही. मग गिटारी फाटतात आणि तो ‘तुझी आठवण येते’ एवढेच पुन्हा पुन्हा किंचाळतो. गिटारींच्या वर आवाज काढण्याच्या ताणाने तो ध्वनिमुद्रणानंतर आजारी पडला. आधीचा सगळा संयम त्या एका ओरडण्यासाठी साठवलेला होता, हे दुसऱ्यांदा ऐकताना ध्यानात येते.

मुखपृष्ठावरचे कृष्णधवल छायाचित्र विल ओल्डहॅम यांचे. पुढे ते ‘बॉनी प्रिन्स बिली’ या नावाने गायक म्हणून प्रसिद्ध झाले. इंडियाना राज्यातल्या युटिका इथल्या खाणीच्या पाण्यात चौघेही हनुवटीपर्यंत बुडालेले, किंचित हसणारे. वर कुठेही बँडचे नाव नाही. इच्छुक गायिकांनी पत्र पाठवावे, अशी सूचना वेष्टनावर टपालाच्या पत्त्यासह छापलेली होती. तेव्हा फारशा माहीत नसलेल्या इंग्लिश गायिका पी. जे. हार्वे यांनीही पत्र धाडल्याचे सांगतात. पण पत्रे यायच्या आधीच, १९९० संपता संपता मॅकमॅहन बाहेर पडला होता.

‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश साप्ताहिकात अल्बिनी यांनी अल्बमला दहा तारे दिले आणि दहा वर्षांनी याची थोरवी कळेल, असे भाकीत केले. सुरुवातीला खप बेताचाच होता. कॅसेटवर उतरवून देणारे मित्र, दुकानातला जाणता पोरगा, अशा वाटांनी तो पसरला. १९९५ च्या ‘किड्स’ या चित्रपटात ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’ वापरले गेले, तेव्हा आणखी कान वळले. ग्लासगोच्या मॉगवाईसारख्या बँडांवरचे त्याचे ऋण उघड आहे. लंडनच्या ब्लॅक कंट्री, न्यू रोड या बँडने तर २०२१ च्या अल्बममधल्या एका गाण्यात स्वतःलाच ‘स्लिंटची नक्कल करणारा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा बँड’ म्हणून चिमटा काढला.

पाजो पुढे काही काळ शिकागोच्या टॉर्टॉइस या बँडमध्ये वाजवत होता. स्लिंटने २००५ मध्ये पुन्हा एकत्र येऊन कार्यक्रम केले आणि २००७ मध्ये अख्खा ‘स्पायडरलँड’ रंगमंचावर वाजवला. २०१४ मध्ये अल्बमची पेटी-आवृत्ती (बॉक्स सेट) आणि लान्स बँग्ज यांचा माहितीपट आला. तिसरा अल्बम मात्र झालाच नाही.