ओटीडीआर

प्रकाशतंतूच्या एकाच टोकाला जोडून त्याच्या संपूर्ण लांबीतील प्रकाशहानी, सांधे आणि तुटीची जागा दाखवणारे मापनयंत्र. ऑप्टिकल टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर या नावाच्या आद्याक्षरांवरून ते ओटीडीआर म्हणून ओळखले जाते. एका टोकातून प्रकाश सोडून तो दुसऱ्या टोकाशी मोजला, तर एकूण हानी कळते, पण ती कोठे झाली हे कळत नाही. जमिनीखाली पुरलेल्या केबलच्या बाबतीत नेमका तोच प्रश्न असतो.

या पद्धतीचा पाया एम. के. बार्नोस्की व एस. एम. जेन्सन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील ह्यूझ संशोधन प्रयोगशाळेत घातला. काच थंड होताना तिच्या घनतेतील अतिसूक्ष्म चढउतार तसेच गोठून राहतात व त्यांच्यामुळे प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. यालाच रॅले प्रकीर्णन म्हणतात. तंतूतील प्रकाशहानीचे हे मुख्य कारण. मात्र विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश उलट फिरून उगमाकडे येतो आणि ओटीडीआर त्याच्यावरच चालतो. एक मायक्रोसेकंदाचा (सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचा) प्रकाशाचा स्पंद, म्हणजे क्षणिक झोत, सोडला, तर परतणारी शक्ती मूळ शक्तीच्या सुमारे एक लक्षांश भरते. म्हणून हजारो स्पंदांची सरासरी काढावी लागते.

यंत्र प्रत्यक्षात अंतर मोजत नाही, वेळ मोजते. तंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असल्याने एक किलोमीटर जाऊन परतण्यास जवळपास १० मायक्रोसेकंद लागतात. वेळेवरून अंतर काढण्यासाठी यंत्रात तंतूचा अपवर्तनांक, म्हणजे निर्वातापेक्षा तंतूत प्रकाश किती पट मंद चालतो तो आकडा, भरावा लागतो. तो १.४६८ ऐवजी १.४६७ भरला, तर ४० किलोमीटरवर सुमारे २७ मीटरची चूक होते. शिवाय केबलमध्ये तंतू किंचित पीळ देऊन बसवलेले असतात आणि सांध्यांच्या चेंबरमध्ये जादा केबल गुंडाळून ठेवलेली असते. त्यामुळे पडद्यावर दिसणारे अंतर रस्त्यावरच्या अंतरापेक्षा जास्तच भरते, आणि हे विसरणारा भलत्याच ठिकाणी खड्डा खणतो.

पडद्यावरील आलेखाला ट्रेस म्हणतात. सुस्थितीतील तंतू सरळ उतरती रेषा दाखवतो; तिचा उतार १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबल (हानी मोजण्याचे एकक) व १५५० नॅनोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असतो. दोन तंतूंची टोके वितळवून केलेल्या सांध्याच्या, म्हणजे स्प्लाइसच्या, जागी रेषा छोटी पायरी उतरते, तर कनेक्टरपाशी प्रकाश परावर्तित होऊन शिखर उसळते. पायरी १५५० ला ठळक आणि १३१० ला जेमतेम दिसत असेल, तर दोष सांध्याचा नसून तंतू कोठेतरी अति वाकला आहे असे समजावे. कधी सांध्यावर रेषा चक्क वर चढते. तेथे प्रकाश वाढलेला नसतो. पुढचा तंतू जास्त प्रकीर्णन करतो एवढेच. म्हणून खरी हानी दोन्ही टोकांकडून मोजून सरासरीने काढतात.

रुंद स्पंद दूरवर पोहोचतो, परंतु जवळजवळचे दोष एकात मिसळतो: १० नॅनोसेकंदांचा स्पंद ट्रेसवर सुमारे एक मीटर भाग व्यापतो, एक मायक्रोसेकंदाचा १०० मीटर. तीव्र परावर्तनानंतर यंत्रातील प्रकाश टिपणारा शोधक काही काळ जणू दिपून जातो. या अंध पट्ट्यात पहिला कनेक्टर झाकला जाऊ नये म्हणून यंत्र आणि केबल यांच्यामध्ये लाँच केबलचे, म्हणजे जादा तंतूचे, वेटोळे जोडतात.

समुद्रतळावरील केबलींत हे साधे यंत्र चालत नाही, कारण तेथील प्रवर्धकांमधील (क्षीण झालेला प्रकाश वाढवणाऱ्या उपकरणांमधील) एकदिश घटक परतीचा प्रकाश अडवतात. तेथे सुसंगत (लहरी एकमेकींशी जुळून चालणाऱ्या) प्रकाशावर चालणारा ओटीडीआरचा प्रकार वापरतात आणि परतीचा संकेत जोडीच्या दुसऱ्या तंतूतून किनाऱ्यावर आणतात.