फायरफॉक्सची झूल: टॅब वर गेले, बटणं गेली आणि ग्रुप परत आले

मार्च २०२५ मध्ये फायरफॉक्स १३६ आलं त्यात उभे टॅब मिळाले, आणि पुढच्याच महिन्यात टॅब ग्रुप, म्हणजे टॅबचे नाव दिलेले गठ्ठे, सगळ्यांना मिळायला लागले. आता ज्यांनी हा ब्राउझर दहा-पंधरा वर्षं सोडलेला नाही ते म्हणणार की यात नवीन काय, ग्रुप तर आमच्याकडे २०११ लाच होते. आणि खरंच होते. दिले, पाच वर्षांनी काढून घेतले, नऊ वर्षांनी परत दिले. हे असं का झालं ते कळायला मागं जावं लागतं, कारण या ब्राउझरच्या डिझाईन टीमची जवळजवळ प्रत्येक उडी अशीच आहे, एखादी गोष्ट फार थोडे लोक वापरतात म्हणून ती काढायची, आणि मग लक्षात यायचं की ते थोडे लोक म्हणजेच चार घरी जाऊन दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स टाकून देणारे.

सुरुवात मात्र काढून टाकण्यानंच झाली, आणि ते काढणं सगळ्यांना आवडलं. नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीनं १९९८ मध्ये सोर्स कोड खुला केला, त्यातनं मोझिला प्रोजेक्ट निघाला, आणि जून २००२ ला मोझिला १.० आलं तेव्हा तो नुसता ब्राउझर नव्हता, ब्राउझर, मेल, वेबपानं बनवायचा एडिटर, चॅट, सगळं एकाच गाठोड्यात. मेनूत मेनू आणि त्यात अजून मेनू. याला वैतागून टीममधल्याच काही जणांनी बाजूला एक छोटा प्रयोग सुरू केला, त्यात डेव्ह हायट होता आणि ब्लेक रॉस नावाचा १७ वर्षांचा पोरगा होता. सप्टेंबर २००२ ला फिनिक्स ०.१ बाहेर पडलं. फक्त ब्राउझर, आणि टूलबारवरची बटणं माऊसनं उचलून हवी तिथं ठेवायची सोय. फिनिक्सचं फायरबर्ड झालं, फायरबर्डचं २००४ मध्ये फायरफॉक्स झालं, दोन्ही वेळा नाव आधीच दुसऱ्या कुणाचं तरी होतं म्हणून.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण पुढची सगळी भांडणं तिच्यावरनं झालीत. या ब्राउझरची बटणं, मेनू, टॅब हे सगळं विंडोजच्या किंवा मॅकच्या तयार सामानातनं नव्हतं केलेलं, एचटीएमएलच्या जातीचीच एक भाषा होती तिच्यात लिहिलेलं होतं, आणि वेबपानं रंगवणारं जे गेको इंजिन तेच ही बटणंही रंगवायचं. त्या भाषेचं नाव एक्सयूएल, पण उच्चार करायचे 'झूल'. आपल्याकडं पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल! मला हे कळलं तेव्हा एकटाच हसलो होतो, कारण नाव इतकं चपखल बसतं की मुद्दाम ठेवलं असतं तरी इतकं जमलं नसतं. बैल आत तोच, वरची झूल कुणीही बदलावी. आणि ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरनं जोडायचे छोटे प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांनी ती मनसोक्त बदलली, बटणं हलव, आख्खी टॅबची पट्टी डावीकडं उभी कर, काय वाट्टेल ते. ट्री स्टाईल टॅब हे ॲड-ऑन उभे टॅब केव्हापासनं देतंय.

नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आलं. आज ते उघडून बघितलं तर गंमत वाटेल, एकच पान उघडं असलं की टॅबची पट्टी दिसायचीच नाही, आणि टॅब बंद करायची फुली एकच, पट्टीच्या उजव्या टोकाला. प्रत्येक टॅबवर वेगळी फुली २००६ च्या फायरफॉक्स २ मध्ये आली. समोर कोण होतं तर इंटरनेट एक्सप्लोरर ६, ज्यात टॅब नव्हतेच, त्यामुळे स्पर्धेचा प्रश्न नव्हता.

डिझाईन म्हणून खरी मोठी उडी फायरफॉक्स ३ ची. जून २००८. पहिल्या २४ तासांत ८०,०२,५३० डाउनलोड, गिनीज बुकात नोंद झाली. विंडोज आणि मॅकवर मागे जायचं बटण मोठं गोल झालं आणि पुढं जायचं बारीक राहिलं, दोन्ही मिळून कुलपाच्या भोकासारखा आकार दिसायचा. कारण साधं, लोक मागे जातात, पुढे फारसं कुणी जात नाही, मग दोन्ही बटणं सारखी का ठेवायची? पण खरी कमाल होती ॲड्रेस बारची. तोपर्यंत पत्ता पहिल्या अक्षरापासनं टाईप करावा लागायचा, आता पत्त्यातलं किंवा पानाच्या टायटलमधलं कुठलंही मधलं तुकडं टाकलं तरी चालायला लागलं. म्हणजे महिन्याभरापूर्वी कुठं तरी भाजणीच्या थालीपिठाची रेसिपी वाचली, साईटचं नाव आठवत नाही, तर बारमध्ये नुसतं 'थाली' टाकायचं की खाली टायटलसकट ते पान हजर. किती वेळा गेलात आणि शेवटचं कधी गेलात हे दोन्ही मिळून एक आकडा काढायचे आणि त्यावर क्रम लावायचे, शिवाय ही अक्षरं टाकून मागच्या वेळी काय निवडलं होतं तेही लक्षात ठेवायचे. टीमनं त्याला लाडानं 'ऑसम बार' म्हटलं. आणि तरीही लोक चिडले! आमचा जुना बार परत द्या म्हणून, आणि जुना बार परत आणणारं ॲड-ऑनही लगेच आलं. आज सगळे ब्राउझर थोड्याफार फरकानं हेच करतात.

मराठी वाचणाऱ्यांसाठी याच व्हर्जनमध्ये अजून एक गोष्ट झाली जिची फार चर्चा झाली नाही. फायरफॉक्स २ मध्ये दोन्ही बाजूंनी सरळ लावलेला देवनागरी मजकूर फुटायचा, काने-मात्रे-वेलांट्या अक्षरांपासनं सुट्या, बातमीची साईट उघडली की जणू वर्तमानपत्रावर पाणी सांडलंय. ३ मध्ये अक्षरं मांडायचं काम नव्यानं लिहिलं गेलं आणि ते थांबलं.

त्यानंतर तीनच महिन्यांत, २ सप्टेंबर २००८ ला क्रोम आला. टॅब सगळ्यात वर, खाली एकच बार, मेनूबार गायब. यातली मजेशीर बाब अशी की क्रोमचा चेहरा घडवणाऱ्यांत बेन गुडजर होता, जो फायरफॉक्स १.० च्या वेळी तिथला मुख्य माणूस होता आणि २००५ मध्ये गूगलमध्ये गेला होता. म्हणजे 'फायरफॉक्सनं क्रोमची नक्कल केली' हे पुढं वर्षानुवर्षं ऐकू आलं त्यात तथ्य आहे, पण घरातलाच माणूस वेगळा राहायला गेला आणि मग त्याच्या घरासारखं आपलं घर करायला निघाले, असं म्हटलं तर जास्त बरोबर होईल.

फायरफॉक्स ४ यायला मार्च २०११ उजाडला. त्यात टॅब वर गेले. यावर जो वाद झाला त्यात डिझाईनवाल्यांची बाजू मला तरी पटते. पहिला मुद्दा, ॲड्रेस बार हा त्या त्या टॅबचा असतो, टॅब बदलला की पत्ता बदलतो, मग तो टॅबच्या पोटात पाहिजे, वर वेगळा कशाला. दुसरा मुद्दा माऊसचा, विंडो पूर्ण मोठी केली की टॅब स्क्रीनच्या काठाला चिकटतात, मग नेम धरायची गरज नाही, माऊस नुसता वर भिरकावला की काठाला अडतो. ज्यांना नको होतं त्यांच्यासाठी मेनूत एक टिक होती, ती काढली की टॅब परत खाली. विंडोजवर डाव्या कोपऱ्यात भगवं फायरफॉक्स बटण आलं, खालचा स्टेटस बार गेला. लिंकवर माऊस नेला की कुठं जाणार तो पत्ता आता दाखवायचा कुठं? चाचणीच्या बीटा व्हर्जनमध्ये तो ॲड्रेस बारमध्येच दाखवून बघितला, लोकांनी इतका आरडाओरडा केला की शेवटी खाली कोपऱ्यात छोटी पट्टी उगवायला लागली, ती अजून तशीच आहे.

आणि याच ४ मध्ये पॅनोरामा होतं. आझा रास्किननं २०१० मध्ये टॅब कँडी नावानं दाखवलेलं, मॅकिंटॉश प्रोजेक्ट सुरू करणाऱ्या जेफ रास्किनचा हा मुलगा. कंट्रोल-शिफ्ट-ई दाबलं की सगळे टॅब छोटे छोटे फोटो होऊन टेबलावर पसरल्यासारखे दिसायचे, हवे तसे गठ्ठे करा, गठ्ठ्याला नाव द्या. फार सुंदर. पण ते एका वेगळ्याच पडद्यावर होतं, टॅबच्या पट्टीत त्याचा मागमूस नाही, ज्याला माहीतच नाही तो ते दाबणार कधी? वापर नगण्य राहिला, कोड सांभाळायला कुणी नाही, आणि मार्च २०१६ ला फायरफॉक्स ४५ मध्ये ते काढलं.

मग ऑस्ट्रेलिस नावाचं नवं रूप. २९ एप्रिल २०१४, फायरफॉक्स २९. चालू टॅब गोलसर वळणाचा आणि बाकीचे टॅब मागं विरघळल्यासारखे, तीन रेघांचा मेनू उजवीकडं आणि तो आपल्या हातानं लावायचा. चित्रं कितीतरी आधी तयार होती पण प्रत्यक्षात यायला काही वर्षं गेली, आणि त्यातला बराच वेळ गेला वेगात. सेकंदाला ६० फ्रेम पाहिजेत म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद, त्यात टॅब उघडायची ॲनिमेशन बसली पाहिजे, तीही विंडोज एक्सपीच्या जुन्या मशीनवर. त्यासाठी खास टेस्ट लिहिली, एकामागनं एक टॅब उघडायचे-मिटायचे आणि प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मोजत बसायचं. बाहेर बसून 'नुसतं वळण काढायला इतकी वर्षं?' म्हणणं सोपं होतं.

पण ऑस्ट्रेलिसनं घेतलंही बरंच. टॅब खाली ठेवायची ती टिक गेली, बारीक आयकॉनची सोय गेली, खालचा ॲड-ऑन बार गेला, मागे जायचं बटण ॲड्रेस बारला चिकटून बसलं ते हलेना. क्लासिक थीम रिस्टोरर नावाचं ॲड-ऑन यातलं बहुतेक परत द्यायचं आणि लोक तेवढ्यावर निभावून नेत होते.

नोव्हेंबर २०१७ ला तेही संपलं. फायरफॉक्स ५७, नाव क्वांटम, त्याच्या नव्या रूपाचं नाव फोटॉन: टॅब परत चौकोनी (वळणाचं काय झालं विचारू नका), नव्यानं टाकणाऱ्यांना वेगळा सर्चबॉक्स नाही. दिसणं ठीकच होतं, पण त्याच दिवशी झूलवर चालणारी जुनी ॲड-ऑन बंद झाली. कारण होतं, ती ब्राउझरच्या थेट आतड्यात हात घालायची, आत काही बदललं की मोडायची, आणि त्यांच्यामुळे आतलं काही वेगवान करणंही अवघड झालं होतं. उरलं काय तर यूजरक्रोम नावाची एक सीएसएस (म्हणजे दिसणं ठरवणारी) फाईल, प्रोफाईलच्या फोल्डरात जाऊन हातानं करायची. तीसुद्धा पुढं फायरफॉक्स ६९ पासनं आधी अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंगांच्या पानावर एक खटका चालू केल्याशिवाय वाचली जात नाही.

जून २०२१, फायरफॉक्स ८९, आणि प्रोटॉन नावाचं अजून एक नवं रूप. टॅब पट्टीपासनं सुटून तरंगणाऱ्या बटणांसारखे झाले, उंची वाढली, मेनूतले आयकॉन गेले. इथं जो 'कॉम्पॅक्ट' पर्यायाचा किस्सा झाला तो बघा. टूलबार आटोपशीर करायचा हा पर्याय काढायचं ठरलं, आणि टीमनं दिलेलं कारण असं की तो सापडायला अवघड आहे आणि आम्ही असं *धरून चालतो* की फार कोणी वापरत नसावं. धरून चालतो! आकडे मोजणाऱ्या टीमनं हे लिहिल्यावर लोक भडकणारच. त्यातही असं की छोट्या लॅपटॉपवर एकेक पिक्सेल वाचवणारा माणूस बऱ्याचदा तोच असतो ज्यानं वापराचे आकडे मोझिलाला पाठवायची सेटिंग पहिल्या दिवशी बंद केलेली असते, म्हणजे मोजायला गेलात तरी तो मोजला जात नाही. शेवटी मधला रस्ता निघाला, आधीपासनं वापरणाऱ्यांचा कॉम्पॅक्ट राहिला, बाकीच्यांना अबाउट-कॉन्फिगमधनं चालू करावा लागतो, आणि नावापुढं कंसात 'आधार नाही' अशा अर्थाची पाटी. प्रोटॉन बंद करायची सेटिंग ९१ मध्ये गेली, ही पाटी लावलेला पर्याय मात्र टिकला.

त्यानंतर मोझिलानं लोकांकडनं सूचना आणि मतं घ्यायला सुरुवात केली, तिथं टॅब ग्रुपची मागणी सगळ्यात वर गेली, उभ्या टॅबचीही जोरात होती. या वेळी ग्रुप पॅनोरामासारखे वेगळ्या पडद्यावर नाहीत, एक टॅब ओढून दुसऱ्यावर सोडला की तिथंच, पट्टीतच रंगीत पट्टा येतो आणि नाव विचारतो. उभ्या टॅबची पट्टी बारीक केली की फक्त आयकॉन उरतात. ट्री स्टाईल टॅबसारखी एकाच्या पोटात दुसरा अशी उतरंड मात्र त्यात दिलेली नाही, ती पाहिजे असेल तर अजूनही ॲड-ऑनच टाकावं लागतं.