एमएस केलं की नोकरीचा व्हिसा ठरलेलाच?

‘अमेरिकेत एमएस करा, एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आपोआप मिळतो’ हा मेसेज निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं नसतं. एफ-वन हा शिक्षणाचा व्हिसा. पदवीनंतर १२ महिने काम करता येतं, विषय स्टेम यादीत (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर आणखी २४. पहिल्या १२ महिन्यांत मिळून ९० दिवसांहून जास्त बिनकामाचं राहता येत नाही. एच-वन-बीचा अर्ज कंपनीच करते. वर्षाला जागा ६५,०००, अमेरिकी मास्टर्सवाल्यांना जादा २०,०००. त्या संपल्या की कसलेल्या इंजिनिअरलाही परतावं लागू शकतं, त्याचं संशोधन तिथं अर्धवट राहू शकतं. विद्यापीठांतल्या नोकऱ्यांना मात्र ही मर्यादा नाही. फॉरवर्डमध्ये हे नसतंच.

कर्जासाठी घर तारण ठेवण्याआधी आय-ट्वेंटीवरचा (विद्यापीठ प्रवेशानंतर देतं तो फॉर्म) कोर्सचा सहा आकडी कोड स्टेम यादीशी ताडून बघा. कोर्सच्या नावावर जाऊ नका.